इथं पास म्हणजे घरी

कारखान्याला खिडकी एकच होती, आणि तिच्यापाशी बसायचा तो ज्याला उजेडाची सगळ्यांत कमी गरज होती.

कारखाना म्हणायचा एवढंच. लांबट एक खोली, भिंतीला जाळीचं स्टोअर, टोकाला पॅकिंगचा ओटा. जुनी मापकं इथं दुरुस्तीला येत: बॉयलरच्या दाबाचे काटे, जहाजावरच्या हवामानाच्या तबकड्या, दवाखान्यातले गोल वजनकाटे. आतली यंत्रणा उघडून जोडायचं काम फिटरचं. आवाज केल्याशिवाय त्याच्या हातून काही होत नसे, म्हणून त्याला ठोक्या म्हणत. तबकडीवरच्या झिजलेल्या रेघा नव्याने ओढायचं काम तिचं, म्हणून ती रेघाताई. आणि सगळं जुळून आलं की भिंग लावून तपासायचं आणि मोठ्याने ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणायचं काम मिस्त्रींचं. ते ‘पास’ म्हणाले की पॅकिंगच्या काकू वहीत खूण करत. त्यासाठी काकूंना मान वर करावी लागत नसे, कानावरच काम चाले.

तीस वर्षांत ही सवय मिस्त्रींच्या हाडात मुरली होती. चहाचा कप हातात आला तरी ते तो उजेडाकडे धरून बघत आणि म्हणत, “पास.” स्टोअरवाले मामा त्यावरून त्यांची थट्टा करत. “मुलगी बघायला गेले तेव्हाही हेच म्हणाले असणार,” ते म्हणत. “फक्त काकू नव्हत्या वहीत खूण करायला.”

खिडकीपाशी मिस्त्री बसत. त्यांच्या भिंगालाच छोटा दिवा होता. खिडकीत त्यांचा रेडिओ होता, एक कुंडी होती, आणि जेवणानंतर डोकं टेकायला चौकट होती.

रेघाताई बसायची ट्यूबलाइटखाली. आता ट्यूबलाइट म्हणजे उजेडच ना, असं कुणीही म्हणेल. पण पांढऱ्या चकचकीत तबकडीवर ट्यूब जशीच्या तशी उमटते, एक लख्ख पांढरा दांडा होऊन. रेघ असते पाव मिलिमीटर जाड, आणि नेमकी त्या दांड्याखाली गेली की दिसेनाशी होते. तबकडी फिरवावी, तर दांडा दुसऱ्या रेघेवर जाऊन बसतो. खिडकीचा उजेड तसा नसतो. तो सगळीकडून सारखा येतो आणि कुठेच उमटत नाही. हे तिने मालकांना कागदावर आकृती काढून समजावलं होतं.

मालकांनी आकृती कौतुकाने पाहिली आणि हात झटकले. “जागेचं तुम्ही आपसात बघा, ताई. वडिलांनी घालून दिलेली रीत आहे. मी नाही मोडणार.”

रीत अशी होती. अकरा वर्षांपूर्वी या खिडकीवरून दोन कारागिरांची जुंपली होती, पार पकडी उगारण्यापर्यंत. तेव्हाच्या थोरल्या मालकांनी दोघांपुढे पत्त्यांचा जोड टाकला आणि म्हणाले, भांडायचं ते यावर भांडा. तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत डाव मांडला जाई आणि जिंकेल त्याची महिनाभर खिडकी. चार वर्षं मिस्त्रीच जिंकत होते. बायकांनी कधी पानं मागितली नव्हती आणि कुणी विचारलंही नव्हतं.

त्या महिन्यात तिच्या तीन तबकड्या नापास झाल्या. मिस्त्रींनी तिसरी परत ठेवली आणि आवाज मऊ केला. “ताई, वय होतं माणसाचं. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत बघू. नाही जमलं तर पॅकिंगला बसा काकूंबरोबर. आरामाचं काम आहे.”

“आराम मला घरी आहे,” ती म्हणाली. “इथं उजेड हवाय. डोळे तपासून आलेय मी. डॉक्टर म्हणाले, डोळे स्वच्छ आहेत, टेबल बदला.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” ठोक्या त्याच्या टेबलावरून म्हणाला.

“अंगण वाकडं आहे का ते मोजायला पण रेघवालीच लागते,” ती म्हणाली. “मिस्त्री, या महिन्याच्या डावात मलाही पानं वाटा.”

ठोक्या खो खो हसला. “ताई, हा भिकार-सावकार नाही. पोकर आहे. त्यातला होल्डेम. येतो का?”

“नाही. शेवटच्या शुक्रवारला अजून तीन आठवडे आहेत.”

तीन आठवड्यांत कोण शिकवणार, हा प्रश्न तिला घरी जाताना पडला. नवरा लांबच्या मालगाडीवर चालक. महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्याने फोनवर विचारलं, “जुगार कधीपासून खेळायला लागलीस?”

“खिडकी लागते तेव्हापासून,” ती म्हणाली.

पलंगावर पाय लांब करून बसलेल्या सासूबाईंनी हे ऐकलं. सासूबाई म्हणजे बत्तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेली परिचारिका. निवृत्त होऊन तप उलटलं तरी कुणी शिंकलं की त्यांचा हात आधी मनगटाकडे जाई.

“कुठला खेळ म्हणालीस?”

“होल्डेम, आई.”

“आण पत्ते. कपाटात, माझ्या जुन्या टोप्यांच्या खाली.”

ती बघतच राहिली. “तुम्हाला येतो?”

“अगं, पाय वर टांगलेली बारा माणसं तीन-तीन महिने काय करणार? कण्हून कण्हून किती कण्हतील? एक जहाजावरचा स्वयंपाकी आला होता मांडी मोडून, त्याने सगळ्या वॉर्डाला शिकवला. दुपारच्या गोळ्या वाटून झाल्या की मला पण पानं वाटायचे.” सासूबाईंनी पत्ते पिसले, आणि ते असे पिसले की रेघाताईच्या मनातल्या उरल्यासुरल्या शंका गेल्या. “बस इथं. हे बघ, दोन पानं तुला वाटायची. ती फक्त तू बघायची. ती स्पेशल रूम. मग मधोमध पाच पानं उघडी मांडायची, ती सगळ्यांची. ते जनरल वॉर्ड. स्पेशल आणि जनरल मिळून सात पानं होतात. त्यांतली उत्तम पाच, तो तुझा हात.”

“एकदम पाच उघडायची?”

“छे. एकदम कळलं तर नातेवाईक घाबरतील. आधी तीन, मग एक, मग एक. प्रत्येक वेळी पैज लावायची का ते ठरवायचं. आणि डावाच्या सुरुवातीला दोघांना न बघताच थोडं टाकावं लागतं. ती केसपेपरची फी. बरं झालं नाही झालं, फी गेलीच.”

वॉर्डाने सगळ्याच गोष्टींची नावं बदलून टाकली होती. पानं टाकून डावातून बाहेर पडणं म्हणजे डिस्चार्ज. जवळ असेल नसेल ते सगळं पणाला लावणं म्हणजे ऑपरेशन. आपल्याला अजून उपयोगी पडू शकतील अशी पानं म्हणजे औषधं. आणि पैज न लावता नुसतं थांबणं, पुढच्याला बोलू देणं, म्हणजे पास.

“औषधं मोजायला शिक,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्याकडे बदामाची चार झालीत, पाचवं हवंय. किती बदाम उरले?”

“तेरातले चार गेले. नऊ.”

“एकच पान उघडायचं राहिलं असेल तर दुप्पट कर. अठरा. शंभरात साधारण अठरा वेळा येईल. दोन पानं राहिली असतील तर चौपट. छत्तीस. डॉक्टर यापेक्षा जास्त खात्रीने काही सांगत नाहीत.”

हे तिला फार आवडलं. दिवसभर शून्य ते शंभराच्या रेघा ओढणाऱ्या बाईला पहिल्यांदाच असा खेळ भेटला होता, ज्याच्या पोटात तबकडी होती. तिने पुठ्ठ्यावर एक अर्धवर्तुळ काढलं, त्याला शंभर रेघा दिल्या, आणि एकास एक खेळताना कुठली दोन पानं साधारण कुठे पोचतात त्याच्या खुणा करायला लागली. दोन एक्के पंच्याऐंशीवर.

“आणि सगळ्यांत वाईट पानं कुठली?”

“सत्ती आणि दुर्री, वेगवेगळ्या रंगांची. त्यांच्यात ओळ लागत नाही, रंग लागत नाही, मोठं पान नाही. आमच्याकडे त्यांना शवागार म्हणायचे.”

“म्हणजे शून्य?”

“मोजल्याशिवाय कशाला बोलू?”

मग दोघींनी मोजलं. सत्ती-दुर्री बाजूला काढून ठेवायची, समोरच्याला कुठलीही दोन पानं वाटायची, पाच उघडायची आणि कोण जिंकलं त्याची वहीत रेघ. चार संध्याकाळींत शंभर डाव झाले. सत्ती-दुर्री छत्तीस वेळा जिंकली. रेघाताईने त्या छत्तीस रेघा दोनदा मोजल्या. सगळ्यांत वाईट पानं, आणि तरी तीनांत एकदा जिंकत होती. तिने पुठ्ठ्यावर छत्तीसच्या खुणेला लाल शाई दिली आणि बराच वेळ त्या खुणेकडे बघत बसली.

डावाचा शुक्रवार आला. मामांनी डब्यांच्या जागेवर जुनी चादर अंथरली. पैशांऐवजी इथं पितळी वायसर, बोल्टखालच्या चकत्या, चालत, प्रत्येकाला वीस. पानं वाटायचं काम मामांचं. ते स्वतः खेळत नसत आणि वादात त्यांचा शब्द शेवटचा. खेळायला मिस्त्री, ठोक्या आणि ती. काकू ओट्यावर बसून वही लिहीत होत्या, पण पेन हलत नव्हतं.

दुसऱ्याच डावात तिला अठ्ठीची जोडी आली. तिघांनी दोन-दोन वायसर टाकले. मामांनी तीन पानं उघडली: गुलाम, तिर्री, आणि अठ्ठी.

तीन अठ्ठ्या. बोलायची पहिली पाळी तिची होती. सासूबाईंनी शिकवलं होतं, रोगी धडधाकट असेल तेव्हा कण्हायचं. पैज लावू नकोस, थांब, समोरच्याला पुढे येऊ दे. तिने चेहरा पाडला आणि म्हणाली, “पास.”

मिस्त्रींनी हात पुढे केला, तिची दोन पानं बोटाने ओढली आणि मामांच्या ढिगाऱ्यात सरकवली.

“अहो, हे काय?”

“तुम्हीच म्हणालात ना, पास.”

“मी नुसती थांबले. पैज नाही लावली. पानं कुठं सोडली?”

“थांबायचं असेल तर टेबलावर दोनदा टकटक करायची,” मिस्त्री म्हणाले. “इथं पास म्हणजे घरी. अकरा वर्षांची रीत आहे.”

“मला कुणी सांगितलं होतं? माझ्या मनात—”

“मनात काय होतं ते पत्त्यांना कळत नाही, ताई. शब्द गेला की गेला.”

तिने मामांकडे पाहिलं. मामांनी चष्मा पुसला. “शब्द गेला,” ते हळूच म्हणाले.

“एवढी काय घाई पास व्हायची?” ठोक्या म्हणाला. “तबकड्या होत नाहीत म्हणून?”

ती पुढचे सहा डाव खेळली, पण सगळं लक्ष त्या तीन अठ्ठ्यांपाशी अडकलं होतं. सव्वाला तिचे वायसर संपले. दीडला मिस्त्रींनी ठोक्यालाही उठवलं आणि खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून डोळे मिटले.

घरी तिने पत्ते पलंगावर टाकले. “तुमचा पास वेगळा आणि त्यांचा वेगळा.”

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, पण कबूल करायची सवय नव्हती. “प्रत्येक हॉस्पिटलचा फॉर्म वेगळा असतो,” त्या म्हणाल्या. “आधी वाचायचा असतो. सोडतेयस?”

“कोण म्हणालं?”

“मग ऊठ, चहा ठेव. आणि आता मला त्या माणसाबद्दल सांग. पानांबद्दल नको. पानं बदलतात, माणूस तोच राहतो. पाय टांगलेला माणूस खोटं बोलताना तोंड सरळ ठेवतो, पण बोटं? बोटं काय करतात बघायचं. ज्याची सवय तुला माहीत, त्याची दोन पानं अर्धी उघडीच.”

त्या महिन्यात रेघाताईने दोन कामं केली.

पहिलं म्हणजे मिस्त्री मोजले. ट्यूबलाइटखाली बसून, मान खाली घालून, कानाने. टेबलाच्या कडेवर पेन्सिलीने बारीक रेघा ओढत गेली. मंगळवारी ते एकेचाळीस वेळा ‘पास’ म्हणाले. त्यातली चौतीस मापकं होती. उरलेल्या सातांत चहाचे तीन कप, ठोक्याने आणलेला नवा पेचकस, काकूंच्या नातीचा फोटो, एक काडेपेटी आणि एक धुतलेला डबा. वस्तू हातात दिली की ते ती उजेडाकडे धरत आणि चांगली असली की शब्द आपोआप येई. नापास वस्तूला मात्र ते कधी पास म्हणाले नाहीत, आणि पास वस्तूला कधी नापास म्हणाले नाहीत. हे तिने चार दिवस पाहिलं. तिच्या स्वतःच्या तीन तबकड्या आठवल्या. त्यातली प्रत्येक खरोखरच चुकलेली होती. त्या माणसाशी तिचं वाकडं होतं, पण त्याच्या भिंगाशी नव्हतं.

दुसरं काम तिने सकाळी केलं. काकू सातला कारखाना उघडत. मिस्त्री नऊला येत. मधले दोन तास खिडकी रिकामी. बोलणी खायची वेळ आली तर खाऊ, असं ठरवून ती सातला यायला लागली. तेव्हा हाताशी एक मोठी तबकडी होती, जहाजावरची, जुनी, शंभर मुख्य रेघा आणि मधल्या चारशे. रेडिओ बाजूला सारून, मिस्त्रींच्या खुर्चीत बसून ती रोज साठ-सत्तर रेघा ओढत असे. पावणेनऊला ती उठे, रेडिओ होता तसा ठेवी आणि कुंडीला पाणी घाली. काकू बघत. एकदाच म्हणाल्या, “हल्ली कुंडी फार तरतरीत झालीय असं मिस्त्री म्हणत होते.”

महिन्याचा शेवटचा शुक्रवार. मिस्त्रींनी सकाळीच आठवण दिली. “आज संध्याकाळी ठरवू, ताई. पॅकिंगला एक खुर्ची लागेल.”

“लागली तर लागली,” ती म्हणाली.

चादर अंथरली, वायसर वाटले. या वेळी तिला थांबायचं असलं की बोटाने टकटक करत होती. ठोक्या पहिल्या अर्ध्या तासातच धडपडला. त्याने एक्का-राजा बघून सगळं लोटलं आणि तिच्या छक्कीच्या जोडीपुढे गार झाला. “कानामागून आली आणि तिखट झाली,” म्हणत तो मागे सरकला, पण उठून गेला नाही.

उरले दोघं. मिस्त्रींपुढे चौतीस वायसर, तिच्यापुढे सव्वीस. घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं. दोनला सुट्टी संपायची आणि दोनलाच गाडी माल न्यायला यायची. काकू वही घेऊन जवळच येऊन बसल्या होत्या.

मामांनी पानं वाटली. तिने कोपरे उचलून पाहिले.

इस्पिकची सत्ती. चौकटची दुर्री.

पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणायला सोपं असतं. तिने पानं खाली ठेवली, केसपेपरच्या फीइतके वायसर आधीच आत होते, आणि टकटक केली. मिस्त्रींनी आणखी दोन टाकले. तिनेही टाकले. का टाकले ते तिला नीट सांगता आलं नसतं. पुठ्ठ्यावरची ती लाल खूण डोळ्यांपुढे होती एवढंच.

मामांनी तीन पानं उघडली. बदामचा राजा, किलवरची नव्वी, बदामची चव्वी. तिची टकटक. मिस्त्रींनी तीन वायसर लावले. तिने तीन भरले.

चौथं पान: चौकटचा राजा.

पानाकडे एकदाच बघून तिने टकटक केली आणि मिस्त्रींच्या बोटांकडे पाहिलं. बोटं वायसरांकडे गेली, ढिगाला लागली आणि परत आली. टकटक. म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी चांगलं होतं, पण राजा नव्हता. दुसरा राजा बघून ते दचकले होते.

पाचवं पान: इस्पिकची तिर्री. तिच्याकडे काहीच नव्हतं. टेबलावरचे दोन राजे सगळ्यांचेच होते, आणि त्यापुढे तिच्या हातातल्या सत्तीला कुणी विचारणार नव्हतं. तिचा हात रेघेसाठी तीस वर्षं कमावलेला होता. तो हलला नाही.

तिने उरलेले सगळे वायसर पुढे लोटले.

“सगळे?” मामांनी विचारलं.

“सगळे.” मनात ती म्हणाली, ऑपरेशन.

मिस्त्री मागे टेकले. पानं उचलून पाहिली, ठेवली, पुन्हा पाहिली. “राजा आहे म्हणता तुमच्याकडे?”

“मी काहीच म्हणत नाही. वायसर टाका, दाखवते.”

त्यांनी एक वायसर उचलला, बोटांत फिरवला, ठेवला. मिनिट गेलं. एक वाजून अठ्ठेचाळीस.

“तुमचं चालू द्या सावकाश,” रेघाताई म्हणाली. तिने बाजूच्या टेबलावरून मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी उचललं, उलगडलं आणि मिस्त्रींपुढे पत्त्यांच्या शेजारी ठेवलं. “तोवर हे बघून घ्या. दोनच्या गाडीला जायचंय.”

जहाजाची तबकडी होती. मिस्त्रींनी पानं टाकून दिली नाहीत, फक्त डाव्या हातात घेतली. उजवा हात खिशातल्या भिंगाकडे गेला. त्यांनी तबकडी खिडकीकडे धरली, तिरकी केली, सरळ केली. पाचशे रेघा. भिंग काठाकाठाने फिरत गेलं, शून्यापासून शंभरापर्यंत, आणि शंभरावर थांबलं. पुन्हा मागे सत्तरपर्यंत आलं. मिस्त्रींचा चेहरा हळूहळू बदलला. डाव, राजे, खिडकी, सगळं त्यावरून पुसलं गेलं आणि तीस वर्षं मापकं बघणारा माणूस तेवढा उरला.

“पास,” ते म्हणाले.

काकूंनी वहीत खूण केली.

रेघाताईने हात लांब केला, मिस्त्रींच्या डाव्या हातातली दोन पानं अलगद काढून घेतली आणि मामांच्या ढिगाऱ्यावर पालथी ठेवली.

“अहो ताई!”

“तुम्हीच म्हणालात ना, पास.”

“मी तबकडीला म्हणालो.”

“मनात काय होतं ते पत्त्यांना कळत नाही, मिस्त्री.”

ठोक्याच्या तोंडून एक आवाज निघाला, हसू आणि खोकला यांच्या मधला. मिस्त्री तांबडे झाले. “ही फसवणूक आहे. असं नाही चालणार. मामा, सांगा हिला.”

“मीच सांगते,” ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. “शब्द चुकून गेला तरी गेला, असं असेल तर तुमची पानं गेली. आणि तसं नसेल, मनात काय होतं तेच धरायचं असेल, तर मागच्या महिन्यात माझ्या तीन अठ्ठ्या होत्या आणि मी फक्त थांबले होते. तो डाव मला परत द्या, मग हा तुम्ही घ्या. दोन्हींपैकी काय ते ठरवा. दोन्ही तुमच्याच बाजूने नाही होणार.”

“किंवा,” काकू वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “तबकडी नापास म्हणा. मी खोडते खूण.”

मिस्त्रींनी तबकडीकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. एका शब्दाचा प्रश्न होता. तेवढं म्हटलं की डाव वाचला असता, खिडकी राहिली असती आणि संध्याकाळी पॅकिंगला खुर्चीही टाकता आली असती. त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, जणू एखादी वाकडी रेघ आता तरी सापडेल. मग भिंग मिटून खिशात ठेवलं.

“तबकडीला नापास कसं म्हणू?” ते म्हणाले. “पास आहे ती.”

“तुमच्या खुर्चीत बसून केलीय,” रेघाताई म्हणाली. “रोज सात ते नऊ.”

मिस्त्रींची नजर कुंडीकडे गेली आणि तिथंच थोडी रेंगाळली.

मामांनी चष्मा काढला नाही की पुसला नाही. “शब्द गेला,” ते म्हणाले, आणि मधले सगळे वायसर रेघाताईकडे सरकवले. मोजले तर तिच्याकडे आता जास्त होते. दोनची घंटा झाली. नियमाप्रमाणे घंटा झाली की ज्याच्यापुढे जास्त, खिडकी त्याची.

मिस्त्रींनी ढिगाऱ्यावरची आपली दोन पानं उलटी करून दाखवली. दोन राण्या. “टाकणारच होतो मी वायसर,” ते म्हणाले. टाकणार होते की नव्हते, ते कुणालाच कळायचं नव्हतं, बहुतेक त्यांनाही नाही.

“दाखवा आता तुमचीही,” ठोक्या म्हणाला.

रेघाताईने सत्ती आणि दुर्री उचलली, जोडाच्या मधोमध खुपसली आणि पत्ते पिसायला लागली. सासूबाईंसारखे नाही, पण बऱ्यापैकी.

घरी सासूबाई दारातच होत्या. काय झालं ते सांगून झाल्यावर त्यांनी फक्त एकच विचारलं, “पानं काय होती?”

“शवागार.”

सासूबाईंनी नकळत तिचं मनगट धरलं आणि नाडी पाहिली. “अजून शंभरावर आहे,” त्या म्हणाल्या. “चालायचं.”

सोमवारी तिने टेबल स्वतःच ओढत खिडकीपाशी नेलं. ठोक्या एक बाजू धरायला आला, तर म्हणाली, “धर, पण आवाज करू नकोस.” मिस्त्रींनी रेडिओ उचलला. कुंडी उचलायला वाकले तेव्हा ती म्हणाली, “ती राहू द्या. पाणी मीच घालते तिला.”

ते ट्यूबलाइटखाली जाऊन बसले. साडेदहाला पहिलं मापक हातात घेतलं, वर धरलं, आणि पांढऱ्या दांड्यापासून तबकडी चुकवायला मान इकडे वळवली, तिकडे वळवली. तिने ते पाहिलं.

अकराला ते चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आले. कप उजेडाकडे धरायला हात वर गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. “पुढच्या डावाला येणार ना?” ते म्हणाले. “खिडकी एक महिन्याचीच असते.”

“माहीत आहे. येणार.”

“एक विचारू? राजा होता का?”

रेघाताईने मान वर केली नाही. तिने डाव्या हाताच्या बोटाने टेबलावर दोनदा टकटक केली आणि उजव्याने पुढची रेघ ओढली.